रोटरच्या पात्यांचे बोल्ट ढिले व्हायचे कसे थांबले – माझा अनुभव

ट्रॅक्टरमागे जोडून माती भुसभुशीत करायचा सेकंडहँड ५ फुटी रोटर घेतला तेव्हा विकणाऱ्याने वरून खालून ताजा रंग मारून दिला होता, बघणारा म्हणायचा नवाच आणला काय. पण आमचं रान पंढरपूरकडचं मुरमाड, दगडगोट्याला तोटा नाही, जरा मारलं की पात्याचे बोल्ट ढिले. ३६ पाती, एका पात्याला २ बोल्ट म्हणजे ७२ झाले, रोज संध्याकाळी खाली झोपून आवळत बसायचं तरी एखादं पातं रानात राहायचंच, आणि ते नंतर टायरमध्ये घुसायची धास्ती वेगळी.

गावात सल्ले भरपूर मिळाले. नटाला वेल्डिंगचा टाका मार म्हणे. टिकतं ते, पण पाती झिजली की एकेक नट ग्राइंडरने कापत बसा, कोण करणार. कोणी म्हणालं स्प्रिंग वॉशर टाक, अरे ते तर होतेच की सगळ्यांना!

मावसभाऊ भोसरीला एका कंपनीत असेंब्लीला आहे, तो गणपतीला आला होता. त्याने एक पातं खोललं, नखाने रंग खरवडला आणि म्हणाला, "दादा, हा रंग काढ आधी, मग बाकीचं बघू." पातं आणि फ्लँज (ज्या लोखंडी चकतीवर पातं बसतं ती), दोन्हीवर रंगाचा जाड थर, त्याच्यावरच बोल्ट आवळलेले. काम करताना तो थर चेपतो, आणि बोल्टचा ताण तेवढाच कमी होतो, नट जराही फिरलेला नसताना. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच दोन्ही पत्रे घट्ट धरून ठेवतो. ताण गेला की पातं दगडावर आपटून आडवं सरकायला लागतं, आणि तसं सरकलं की मग नट आपोआप फिरत सुटतो. हे म्हणे गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनियरने १९६९ सालीच मशीन बनवून दाखवलंय, उभ्या हादऱ्यापेक्षा हे आडवं सरकणंच जास्त बेकार. स्प्रिंग वॉशर तर बोल्ट नीट आवळायच्या कितीतरी आधीच सपाट होतो, मग तो साधा वॉशरच की.

मग ग्राइंडरला वायर ब्रश लावून सगळे फ्लँज घासले, कंटाळवाणं काम, हात मुंग्या मुंग्या. जुने बोल्ट तर जत्राच होती, निम्म्यांच्या डोक्यावर मजबुतीचा नंबरच नाही. सगळे फेकले आणि १२ एमएमचे ८.८ नंबरचे घेतले, नट पण ८ नंबरचे, नायलॉनवाले. पाना भावाच्या ओळखीतून मिळाला, टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळायचं ते आधी ठरवता येतं असा, त्यावर ८० न्यूटन मीटर लावून आवळलं. आमच्याकडे पान्याला पाईप घालून कचकून आवळायची पद्धत, पण त्यात आटे जातात नाहीतर बोल्ट तुटायला येतो, आणि बोल्टला ऑइल लागलेलं असलं तर त्याच जोरात ताण अजून जास्त बसतो. लावलेल्या जोरातला जवळजवळ ९० टक्के तर घर्षणातच जातो असं भाऊ म्हणाला, मला आधी थापच वाटली.

गिअरबॉक्सच्या बोल्टना निळं लॉकटाईट, म्हणजे आट्यात लावायचा गोंद, लावलं. बाटली उघडली तर अर्धीच, मी दुकानदाराशी भांडायलाच निघालो होतो, पण ते तसंच भरतात म्हणे, आत हवा पाहिजे, हवा नसेल तरच ते घट्ट होतं. आटे थिनरने पुसून लावायचं आणि एक दिवस मशीन बंद ठेवायचं. लाल घेऊ नका, ते खोलायला गॅसने तापवावं लागतं.

शेवटी प्रत्येक नटावरून फ्लँजपर्यंत बायकोच्या नेलपॉलिशची रेघ ओढली, रेघ तुटली की नट फिरला. पहिला तासभर चालवून परत एकदा टॉर्क लावला, तेव्हा थोडे थोडे अजून बसले, ते बसतातच. त्यानंतर ऊस खोडव्याचं रान पण मारलं, रेघा जागेवर.

फक्त कडेच्या एका फ्लँजचे २ बोल्ट अजून सुटतात. तिथली भोकं लांबट झालीत, वर्षानुवर्षं ढिलं पातं हलून हलून, आता कितीही आवळा ते सरकणारच. लेथवाला म्हणतोय भोक भरून परत पाडतो, भाऊ म्हणतोय फ्लँजच बदल. बहुतेक फ्लँजच बदलणार, कांद्याच्या रानाआधी.