अकरा आवाज, त्यातले कामाचे किती

रविवार, रात्री उशिरा

गिटारचा पिकगार्ड, म्हणजे पुढची प्लॅस्टिकची पाटी, बसला एकदाचा. अकरा स्क्रू असतात त्याला, आणि आज हिशोब केला तर नव्या वायरिंगने गिटारीतून आवाजपण बरोब्बर अकराच निघाले, योगायोग. लाईट गेली नाही दिवसभर हे नशीबच म्हणायचं, नाहीतर या दिवसात अमळनेरात दुपारी पंखा बंद असताना सोल्डरिंग करायचं म्हणजे घाम सर्किटवर पडतो आणि डोकं फिरतं.

लग्नसराई जोरात आहे. हळदीचे कार्यक्रम, एखाद्या ठिकाणी साखरपुडा, आणि प्रत्येक ठिकाणी गिटार एकच न्यायची, कारण टेम्पोत स्पीकर, ऑक्टोपॅड, कीबोर्डचा स्टँड आणि गायकाची बॅग ठेवली की दुसऱ्या गिटारीला जागा उरत नाही. काम मात्र तीन गिटारींचं असतं. जुन्या हिंदी गाण्याला गोल, स्वच्छ आवाज पाहिजे, अहिराणी नाचगाण्याला ढोलकीच्या वर उठून दिसेल असं कुरकुरीत स्ट्रमिंग पाहिजे, आणि मधल्या म्युझिकला लीड वाजवायचं तर जाड, भरलेला आवाज पाहिजे. पेडलवर, म्हणजे पायाने दाबायच्या इफेक्टच्या डब्यावर, सगळं होतं असं म्हणणारे खूप आहेत, पण पेडलच्या आधी गिटारीतून जे निघतच नाही ते पेडल कुठून आणणार.

माझी गिटार म्हणजे स्ट्रॅटची, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरची, नक्कल. तारांचं कंपन पकडणारी तीन पिकअप तिला: ब्रिजला, म्हणजे तारा बुडाशी अडकतात तिथे, दोन कॉइलचं हंबकर, मधे आणि नेकला, म्हणजे दांड्याच्या बाजूला, एकेका कॉइलचं सिंगल कॉइल, आणि कोणतं पिकअप वाजवायचं ते ठरवणारा पाच पोझिशनचा स्विच. मूळ स्ट्रॅट १९५४ ला आली तेव्हा तिला तीनच पोझिशनचा स्विच होता, लोक तो दोन पोझिशनच्या मधेच अडकवून दोन पिकअप एकदम वाजवायचे कारण तो आवाज वेगळाच गोड लागायचा, आणि कंपनीने कारखान्यातूनच पाच पोझिशनचा स्विच द्यायला १९७७ उजाडलं. म्हणजे वाजवणारे तेवीस वर्षं पुढे. हे वाचलं तेव्हापासून वायरिंगला हात लावायची भीती गेली.

आता मुद्दा घरघरीचा. इंटरनेटवर वायरिंगचे जे डायग्राम सापडतात ते बहुतेक घरात किंवा स्टुडिओत वाजवणाऱ्यांनी काढलेले वाटतात मला. आपल्याकडे मांडवात स्टेजच्या मागे जनरेटर, डोक्यावर एलईडीचे पार लाईट, बाजूला डिमरवर लावलेले हॅलोजन, आणि या सगळ्याची केबल गिटारच्या केबलला चिकटून गेलेली. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढे बारीक वायरचे, ते गिटारच्या तारेचं कंपन जसं पकडतं तसंच आजूबाजूच्या ५० हर्ट्झची घरघरही पकडतं, त्याला फरक कळत नाही. गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी यावरच उपाय काढला, तोच हंबकर, १९५५ ला पेटंटचा अर्ज केला, १९५९ ला ते मिळालं. दोन कॉइल शेजारी, एकीची वाइंडिंग उलटी आणि तिचा चुंबकही उलटा. बाहेरची घरघर दोन्हीत येते पण एकमेकींच्या विरुद्ध, म्हणून कटते. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटल्यामुळे सुलटा होतो आणि बेरीज होते. इतकी साधी गोष्ट आहे आणि इतकी डोकेबाज.

हंबकरमधून पातळ आवाज काढायचा तर सगळे सांगतात स्प्लिट कर, म्हणजे एक कॉइल ग्राउंडला मारून बंद करायची. ऐकायला छान. पण मग जी राहिली ती सिंगल कॉइल, आणि घरघर आली परत! शिवाय आवाज एकदम बसतो. चार-चार किलोओहमच्या दोन कॉइल सिरीजमध्ये आठ होतात, स्प्लिट केल्यावर हातात चारच, तेवढं मांडवात कुठे पुरणार. काहीजण पूर्ण ग्राउंड न करता मधे दोन-सव्वादोन किलोओहमचा रेझिस्टर टाकतात म्हणजे दुसरी कॉइल थोडी जिवंत राहते, तेही चांगलं आहे, पण मी गेलो पॅरललकडे. त्याच दोन कॉइल एकामागे एक जोडण्याऐवजी शेजारी शेजारी जोडल्या की मीटरवर दोन किलोओहम दिसतात, आवाज काचेसारखा स्वच्छ होतो, थोडा कमीही होतो, पण दोन्ही कॉइल चालू असल्यामुळे घरघर कटलेलीच राहते. स्टेजवर हे सोनं आहे. स्प्लिटचा आवाज पॅरललपेक्षा जास्त खरा स्ट्रॅटसारखा असेलही, मला वाद घालायचा नाही, पण जनरेटरशेजारी उभं राहून ज्याने वाजवलंय त्याला विचारा.

हे सगळं पक्कं करायला गेलो आप्पांकडे. आप्पांचं मोटार वाइंडिंगचं दुकान, उन्हाळ्यात बाहेर सबमर्सिबलची रांग लागलेली असते, व्होल्टेज कमी-जास्त झालं की मोटारी जळतात आणि शेतकरी ट्रॅक्टरवर टाकून आणतात, केळीला पाणी थांबलं म्हणून तोंडावर बारा वाजलेले. त्या गर्दीत मी पिकअप काढून ठेवलं काउंटरवर.

"हाई काय शे रे भो?"

"गिटारनी कॉइल शे आप्पा."

चष्मा वर करून, डोळ्याला लावून बघितलं. तार ०.०६३ मिलिमीटरची, ४२ गेज म्हणतात अमेरिकन मापात. आप्पांच्या बोटांना सवय जाड तारेची. "हाई तार ते केसपेक्षा बी बारीक शे," म्हणाले, आणि हात मागे घेतला. मग मी दोन कॉइल, चार वायरी, सिरीज आणि पॅरलल असं सांगायला लागलो तर मधेच तोडलं, "पहिले स्टार्ट-फिनिश दखाड, मंग बोल."

म्हणजे कॉइलचं सुरुवातीचं टोक कोणतं आणि शेवटचं कोणतं ते आधी दाखव. आणि तेच तर सगळं आहे. मोटारीत एक कॉइल उलटी जोडली गेली की मोटार घुरघुरते आणि नीट ओढत नाही, गिटारीत एक कॉइल उलटी जोडली की आवाज नाकातून बोलल्यासारखा होतो, बेस गायब. वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे. सेमूर डंकनमध्ये काळी हॉट, म्हणजे सिग्नल बाहेर नेणारी, पांढरी-लाल एकत्र, हिरवी ग्राउंडला. डिमार्झिओत लाल हॉट, काळी-पांढरी एकत्र आणि हिरवी ग्राउंड. माझ्या पिकअपवर नाव नाही की कागद नाही, त्यामुळे रंगावर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता. आप्पांनी काट्याचा मीटर काढला, ते डिजिटलवर काम करत नाहीत, आणि या तपासणीला काटाच पाहिजे. आधी ओहमवर कोणत्या दोन वायरी एका कॉइलच्या ते शोधलं. मग सगळ्यात खालची डीसी रेंज लावली आणि मी लोखंडी स्क्रूड्रायव्हर कॉइलच्या खिळ्यांवर ठेवून झटकन उचलला. काटा हलकेच डावीकडे थरथरला. दुसऱ्या कॉइलवर तेच केलं, काटा उजवीकडे गेला, म्हणून तिच्या प्रोब उलट्या केल्या, आता दोन्ही डावीकडे. ज्या वायरीला दोन्ही वेळेस लाल प्रोब होती त्या दोघी एका बाजूच्या, त्यांवर काळ्या टेपचा तुकडा लावला. झालं. डंकनचाच क्रम निघाला शेवटी, काळी आणि लाल एका बाजूला, पांढरी आणि हिरवी दुसऱ्या. दुकानात आलेले एक काका मोटार विसरून बघत होते.

स्विचचं काम मग सोपं. पॉट म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा कमी-जास्त होणारा रेझिस्टर, आणि पुश-पुल पॉट म्हणजे खाली सहा पायांचा स्विच चिकटवलेला पॉट, नॉब वर ओढला की स्विच पलटतो, गिटारीला भोक पाडावं लागत नाही. काळी कायम हॉटला, हिरवी आणि उघडी तार कायम ग्राउंडला. मधल्या दोन पायांवर लाल आणि पांढरी. एका बाजूचे दोन पाय एकमेकांना जोडून टाकायचे, नॉब तिकडे असला की लाल-पांढरी एकत्र येतात, ती सिरीज. दुसऱ्या बाजूला लालसमोरचा पाय हॉटला आणि पांढरीसमोरचा ग्राउंडला, ती पॅरलल. एवढंच. डायग्राममध्ये हेच इतकं किचकट काढतात की माणूस नाद सोडतो.

दुसऱ्या पुश-पुलवर नेक पिकअप कायम चालू करायची सोय केली, स्विच कुठेही असो. हा स्ट्रॅटवाल्यांचा जुना प्रकार, साध्या स्ट्रॅटला पाचाचे सात आवाज होतात यानं, कारण नेक-ब्रिज एकत्र आणि तिन्ही एकत्र हे दोन एरवी मिळतच नाहीत. माझ्याकडे ब्रिजला सिरीज आणि पॅरलल दोन्ही असल्यामुळे नेहमीचे पाच, वर पॅरललमुळे दोन, नेक जोडल्यावर चार, असे अकरा.

पण आता खरा हिशोब, घरघरीचा. मधलं पिकअप उलट्या वाइंडिंगचं आणि उलट्या चुंबकाचं आहे, म्हणून नेक-मधलं एकत्र वाजवलं की शांत. ब्रिज एकटं, सिरीज असो की पॅरलल, शांत. तिन्ही एकत्र केलं तरी नेक आणि मधलं एकमेकांचं कापतात आणि ब्रिज स्वतःचं कापतं, तेही शांत, दोन्ही प्रकारात. म्हणजे पाच झाले. बाकीचे सहा कमीजास्त घरघरतात. नेक एकटं हे माझं सगळ्यात आवडतं, जुन्या गाण्यांच्या आलापीसारख्या तुकड्यांना, आणि तेच मांडवात वाजवता येत नाही, घरी वाजवायचं. पण नेक-मधल्यावर टोन थोडा कमी केला की काम भागतं, समोर बसलेल्या वऱ्हाड्यांना काय कळतंय.

पॉटचं थोडक्यात. हंबकरला ५००के आणि सिंगलला २५०के ही रीत, कारण पॉटचा विरोध जितका कमी तितकी वरची धार खाली जाते आणि सिंगलला मुळातच धार जास्त. व्हॉल्यूम एकच असल्यामुळे तो ५००के ठेवला आणि सिंगलच्या टोनला २५०के, त्यानं थोडी मवाळी येते. कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा, त्यावर २२३ लिहिलेलं असतं. गोलाणी मार्केटला जळगावला गेलो होतो तेव्हा रेझिस्टर-कपॅसिटर किरकोळ पैशात मिळाले, पुश-पुल मात्र कोणाकडेच नव्हते, दुकानदार म्हणे गिटारमध्ये पण पॉट असतो का. ते ऑनलाइनच मागवले.

एक गोष्ट मात्र आवाजांच्या यादीत कधी येत नाही आणि माझ्या मते अकरापैकी पाच आवाजांएवढी तिची किंमत आहे, ती म्हणजे ट्रेबल ब्लीड. गायक गायला लागला की गिटारवाल्यानं व्हॉल्यूम कमी करायचा हा ऑर्केस्ट्रातला नियम, आणि व्हॉल्यूम कमी केला की आवाज नुसता लहान होत नाही, गोधडीखाली जातो. कारण पॉटचा विरोध आणि लांब केबलची कपॅसिटन्स मिळून वरची पट्टी खातात. पॉटच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पायांमध्ये १०२ चा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५०के चा रेझिस्टर लावला, आता अर्ध्यावर आणला तरी कुरकुरीतपणा टिकतो.

कीबोर्डवाला भाचा मागे लागलाय की फेज स्विच टाक, म्हणजे एखादं पिकअप मुद्दाम उलटं जोडायचा स्विच, क्वीन बँडच्या ब्रायन मे सारखं कर. त्या माणसाने वडिलांसोबत घरी गिटार बनवली, तिन्ही पिकअप सिरीजमध्ये, प्रत्येकाला चालू-बंदचा वेगळा स्विच आणि फेजचा वेगळा. बरोबरे, पण त्याच्या मागे भिंतीएवढे अँप्लिफायर होते भो. आउट ऑफ फेजचा चिरका आवाज एकटा ऐकला तर भारी लागतो, पण हळदीत ऑक्टोपॅड सुरू झाला की सापडत नाही कुठे गेला. नाही टाकणार.

उद्या संध्याकाळी पारोळ्याजवळ हळद आहे. बाहेरची खरखर अडवायला पिकअपच्या खोबणीत तांब्याचा टेप लावायचा राहिलाय, घरातला अॅल्युमिनियम फॉइल चालला असता पण त्यावर सोल्डर बसत नाही. आणि टेस्टर बॅगेत टाकायचा आठवणीने. गिटारच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, मांडवाची अर्थिंग बोगस असली की माइकला ओठ लागला आणि बसला झटका. जनरेटरवाल्याला आधी खुंटी ठोकायला सांगायचं, तो म्हणेल गरज नाही, तरी सांगायचं, आणि तो ठोकेपर्यंत जॅक घालायचा नाही.