तुम्ही विचारलंत म्हणून: अंडी आणल्यावर ठेवता कुठे?

‘दरवर्षी दोन दिवस रजा टाकून त्या एवढ्याशा परिषदेला कशाला जाता? असं मिळतं तरी काय तिथे?’ स्टाफरूममध्ये हा प्रश्न विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा प्रमोशनच्या पॉइंटांबद्दल जाणून घ्यायचं असतं. घरी नणंद विचारते, तेव्हा तिला खरंच कुतूहल असतं. गेल्या महिन्यात टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, सगळे पेपर ऑनलाइन वाचता येतात ना?’ दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

परिषद डेव्हलपमेंटल बायोलॉजीची, म्हणजे एका पेशीपासून अख्खं शरीर कसं घडतं, त्या शास्त्राची. महाराष्ट्र, गोवा, गुजरातमधून शंभर-सव्वाशे माणसं येतात. परळमध्ये एकच सभागृह घेतलेलं असतं, त्यामुळे ‘या खोलीत जाऊ की त्या’ असा पेच नसतो. बाहेरच्या पॅसेजमध्ये दोरी ताणून, क्लिपा लावून आपापल्या कामाची पोस्टर टांगतात. चहाच्या वेळी सगळ्यांना त्याच पॅसेजमधून जावं लागतं, आणि माझ्या लेखी परिषदेचा खरा अर्धा भाग तिथेच होतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. आमच्या मुलांना कोंबडीचा गर्भ माहीत असतो तो काचपट्टीवरचा. २४ तास, ३३ तास, ४८ तास, ७२ तास, अशा ठरलेल्या कायमच्या स्लाइड, गुलाबी रंगवलेल्या. मुलं त्यांची चित्रं काढतात, नावं देतात, व्हायव्हाला ओळखतात आणि पास होतात. हृदय म्हणजे त्यांच्यासाठी मधोमध वाकलेली एक गुलाबी नळी. ती नळी धडधडताना मुलांनी एकदा तरी पाहावी, असं मला फार वाटत होतं. म्हणून जिवंत अंड्याला खिडकी पाडून दाखवायचं ठरवलं.

पद्धत तशी अवघड नाही. दुकानातली अंडी चालत नाहीत, कारण ती फळलेली नसतात. हॅचरीतून फलित अंडी आणावी लागतात. मग ३७-३८ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. दीड-दोन दिवसांनी सिरिंजने दोन-तीन मिलिलिटर पांढरं काढून घ्यायचं, म्हणजे गर्भ कवचापासून जरा खाली बसतो. वर लहान कात्रीने खिडकी कापायची, बघायचं आणि सेलोटेप लावून बंद करायचं. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केलं. बारा अंड्यांतून दोन गर्भ मिळायचे, तेही वेडेवाकडे. एकदा बाराच्या बारा अंडी रिकामी निघाली. मी इन्क्युबेटरचा थर्मोस्टॅट बदलून घेतला. हॅचरी बदलली. एका बॅचच्या मुलांना तर निष्काळजीपणाबद्दल बोलले. ते बोलणं आजही मला टोचतं, कारण चूक त्यांची नव्हतीच.

त्या वर्षी परिषदेत माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं, मी नुसती ऐकायला गेले होते. दुपारच्या चहाला एका पोस्टरपाशी साठी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते. पोस्टर त्यांच्या कॉलेजच्या विद्यार्थिनीचं, आणि हे तिथले निवृत्त लॅब असिस्टंट. तिला धीर द्यायला म्हणून आले होते. सगळी मुलं त्यांना मामा म्हणत होती, मीही मामाच म्हटलं. पोस्टरवर खिडकी पाडलेल्या अंड्यांचे फोटो होते, एकापेक्षा एक सुंदर. मी माझी रडकथा सांगितली. त्यांनी इन्क्युबेटरबद्दल एक शब्द विचारला नाही.

‘मॅडम, अंडी आणल्यावर ठेवता कुठे?’

‘टेबलावर. मंगळवारी येतात, प्रॅक्टिकल शुक्रवारी असतं. बुधवारी सकाळी इन्क्युबेटरमध्ये घालतो.’

‘टेबलावर ती तुमची वाट बघत नाहीत, मॅडम. त्यांचं काम सुरू होतं.’

एवढं बोलून ते थांबले, आणि मला सगळं एकदम लख्ख दिसलं. अंडं घातलं जातं, तेव्हाच त्यातल्या गर्भात हजारो पेशी झालेल्या असतात. बाहेर गारवा मिळाला की वाढ थबकते, ऊब मिळाली की पुन्हा चालू होते. साधारण २०-२१ अंशांच्या खाली ती थांबून राहते. मुंबईतल्या आमच्या प्रयोगशाळेत दुपारी ३१-३२ अंश. म्हणजे धड थांबायला पुरेसं गार नाही आणि धड वाढायला पुरेसं उबदार नाही. अशा अधल्यामधल्या तापमानात गर्भ अर्धवट, बेताल वाढतो आणि दुबळा होतो. त्यातून हॅचरीपासून कॉलेजपर्यंतचा टेम्पो आणि लोकलचा प्रवास वेगळाच. मी इन्क्युबेटरचं बटण दाबायचे, तोवर त्यातल्या कित्येकांचं भवितव्य ठरून गेलेलं असायचं.

‘मग फ्रिजमध्ये?’ मी विचारलं.

‘फ्रिजमध्ये गारठून जातील. पंधरा-सोळा डिग्री पाहिजे. थर्मोकोलचा डबा घ्या, बर्फाच्या पिशव्या कपड्यात गुंडाळून बाजूला ठेवा, अंड्याला चिकटू देऊ नका. आत थर्मामीटर. बोथट टोक वर. आणि प्रवासातून आल्या आल्या लगेच उबेत घालू नका, अर्धा दिवस तशीच टेकू द्या.’

मी हे सगळं परिषदेच्या पॅडवर उतरवून घेतलं. ते पान अजून माझ्याकडे आहे.

टीवायच्या त्या मुलीला मला हेच सांगायचं आहे. पेपर ऑनलाइन मिळतात, आणि वाचायलाच हवेत. पण पेपरात लिहिलेलं असतं, ‘फलित अंडी ३८ अंशांवर ३६ तास उबवली.’ उबवण्याआधी ती कुठे होती, हे बहुतेक जण लिहीत नाहीत. लिहिणाऱ्यांच्या खोल्या गार असतात, किंवा कुणीतरी मामा ते काम न बोलता करून टाकतात आणि लेखकाच्या ते ध्यानातही येत नाही. अडलेलं काम घेऊन माणसं एकमेकांसमोर उभी राहतात, तेव्हाच अशा गोष्टी तोंडातून बाहेर पडतात. हजारो माणसांच्या परिषदेत निवृत्त लॅब असिस्टंट नोंदणी शुल्क भरून कसा येणार? आणि आला, तरी मला भेटणार कुठे?

त्याच संध्याकाळी एम.एस्सी.च्या एका मुलीचं दहा मिनिटांचं भाषण होतं, झेब्रा माशावर. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. ओढे, भातखाचरं, साचलेलं पाणी ही त्याची घरं. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचं वर्णन करताना हॅमिल्टन या निसर्ग-अभ्यासकाने १८२२ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो असतो, कारण त्याचा गर्भ काचेसारखा पारदर्शक आणि एका दिवसात डोकं, डोळे, शेपटी सगळं मांडून मोकळा. या मुलीने क्रॉफर्ड मार्केटमधून मासे आणले होते. नर-मादी पहाटे उजेड झाला की अंडी देतात आणि लगेच खाऊनही टाकतात, म्हणून तिने टाकीच्या तळाशी मुलांच्या खेळातल्या गोट्या पसरल्या होत्या. अंडी गोट्यांच्या फटींतून खाली जातात, माशांचं तोंड तिथे पोचत नाही. जाणकारांना ही युक्ती जुनी. पण तिने ती सांगितली तेव्हा मागच्या रांगेतल्या तीन-चार जणांनी वह्या उघडल्या, हे मी पाहिलं.

तिची अडचण वेगळी होती. गर्भाच्या पाठीला, पुढे जिथे मणके होणार तिथे, दोन्ही बाजूंनी पेशींचे ठोकळे एकामागून एक सुटत जातात. त्यांना सोमाइट म्हणतात. झेब्रा माशात एक जोडी साधारण अर्ध्या तासाला, कोंबडीत दीड तासाला, उंदरात दोन तासांच्या आसपास, माणसात सुमारे पाच तासांनी. यामागे पेशींच्या आत एक घड्याळ चालतं. काही जनुकं ठरावीक लयीत चालू-बंद होतात, हे १९९७ साली कोंबडीच्याच गर्भात दाखवलं गेलं. हिचे आकडे मात्र जुळत नव्हते. कधी अर्धा तास, कधी पाऊण तासाच्याही पुढे. तिने ते लपवले नाहीत. पडद्यावर सरळ तो विस्कटलेला आलेख लावला आणि म्हणाली, ‘इथे माझं काहीतरी चुकतंय, मला कळत नाही.’

पुढच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ संशोधक बाईंनी विचारलं, ‘रात्री एसी चालू असतो का?’ असायचा. खोली रात्री २२ अंशांवर, दिवसा २८वर. गार पाण्यात माशाच्या गर्भाचं घड्याळच सावकाश चालतं. म्हणजे आकडे चुकले नव्हते. तिच्या खोलीतली रात्र त्यात उतरली होती.

मी मामांचं बोलणं ऐकून नुकतीच आत येऊन बसले होते, आणि समोर तीच गोष्ट माशाच्या रूपाने उभी. आम्ही वर्षानुवर्षं मुलांना ‘३३ तासांचा गर्भ’ शिकवतो. ते ३३ तास भिंतीवरच्या घड्याळाचे नाहीतच, ३८ अंशांतले आहेत. म्हणून तर हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन (हे हॅमिल्टन निराळे) या गर्भशास्त्रज्ञांनी १९५१ साली कोंबडीच्या गर्भाचे तास मोजणं सोडलं आणि रूपावरून ४६ अवस्था पाडल्या: इतके सोमाइट दिसले की ही अवस्था, पंखाची कळी अशी दिसली की ती. या अवस्था मी अठरा वर्षं शिकवल्या. त्या तशा पाडण्याची गरज त्यांना का भासली असेल, ते मला त्या संध्याकाळी उमगलं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी पाय मोकळे करायला आचार्य दोंदे मार्गावर गेले. तिथल्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. देशातली पहिली, असं तेव्हा सगळ्यांनी मानलं. पण त्याआधी, ३ ऑक्टोबर १९७८ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या कामातून एक मुलगी जन्मली होती. गर्भ गोठवून ठेवण्याची जी रीत पुढे जगभर रूढ झाली, ती त्यांनी तेव्हा वापरली होती. चौकशी समितीने त्यांचा दावा फेटाळला. जपानला जाऊन काम मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. १९८१ साली त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे १९९७ साली त्यांची हस्तलिखित टिपणं तपासून ‘पहिला मान यांचा’ असं लिहिलं ते आनंद कुमार यांनीच. स्वतःकडे असलेला मान त्यांनी आपल्या हाताने दुसऱ्याला दिला.

मी रुग्णालयाच्या फाटकासमोर बराच वेळ उभी राहिले. मुखोपाध्यायांना चार जाणकार माणसांसमोर आपली टिपणं उघडून बसता आलं असतं तर, एवढंच मनात येत होतं. काम मांडायला जागा न मिळणं ही काय चीज आहे, हे आमच्यासारख्या छोट्या कॉलेजांतल्या माणसांना थोडंफार कळतं.

नणंदेचा प्रश्न राहिला: या सगळ्याचा उपयोग काय? तिला मी फॉलिक ॲसिडची गोळी आठवायला सांगते, तिने दोन्ही बाळंतपणांत घेतलेली. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळतंय न कळतंय तोवरच. ती नीट मिटली नाही तर मूल अपंग जन्मतं किंवा जगत नाही. आधीच्या बाळात हा दोष असलेल्या आयांना फॉलिक ॲसिड दिलं तर तो पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणून गोळी मूल हवं असं ठरवतानाच सुरू करायची असते. ही नळी मिटताना कोंबडीच्या अंड्यात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघता येते. आमच्या वर्गातल्या मुली उद्या आया होतील, नर्स होतील, औषधांच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहतील. त्यांनी ती एकदा डोळ्यांनी पाहिलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

परिषदेहून आल्यावर थर्मोकोलचा डबा केला. पहिल्या खेपेला बारांतून आठ गर्भ, दुसऱ्या खेपेला नऊ. ज्या बॅचला मी बोलले होते, ती तोवर टीवायला गेली होती. त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं आणि चूक माझी होती हे सांगितलं. मग अंड्याची खिडकी उघडली. तांबूस-पिवळ्या बलकावर तांदळाच्या दाण्याएवढा गर्भ, आणि त्याच्या मधोमध काहीतरी लुकलुकत होतं. एक मुलगा, एरवी मागच्या बाकावर बसणारा, वाकून बघत राहिला. उठेचना. मागची मुलं ‘अरे, सरक ना’ म्हणत होती, तर तो म्हणाला, ‘थांबा, मोजतोय.’

या वर्षी माझं पोस्टर आहे. उबवण्याआधी अंडी १६, २२, २७ आणि ३१ अंशांवर ठेवून काय होतं, त्याची मुलांनी केलेली नोंद. २२ अंशांच्या रकान्यात एक गोष्ट अजून उलगडत नाही: सोमाइट वेळेवर येतात, पण डाव्या-उजव्या बाजूंची संख्या कधी कधी जुळत नाही. ते फोटो मी मधोमध लावले आहेत आणि त्यांच्याशेजारी वीतभर जागा कोरी सोडली आहे. क्लिपेला दोरीने पेन बांधणार आहे. मामांना फोन केला होता. गुडघे दुखतात, पण येतो म्हणाले.