बीटा चाचणी : ‘शेतकऱ्यांना’ का सापडेना, ते कळलं

काल रात्री साडेअकराला कोडं सुटलं, म्हणून लगेच लिहितोय.

लिबरऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरच्या २५.८ चा बीटा, म्हणजे पक्क्या आवृत्तीआधी तपासून बघायला दिलेली आवृत्ती, गावातल्या पाच मशीनवर टाकल्याचं मागे सांगितलंच आहे. तो ‘लिबरऑफिसडेव्ह’ म्हणून वेगळा बसतो, रोजच्या कामाला धक्का लागत नाही. (आरसी, म्हणजे बीटानंतरची जवळजवळ पक्की आवृत्ती, जुन्या आवृत्तीच्याच जागी बसतो, म्हणून तो मी कुणाला देत नाही.)

मग अर्ज टाइप करून देणाऱ्या ताईंचा फोन आला : ‘भाऊ, हा शेतकऱ्यांना शब्द शोधूनच नाही राह्यला.’ शब्द यादीत समोर दिसतोय, कंट्रोल-एफ म्हणतं नाही. माझ्या लॅपटॉपवर टाइप करून शोधला तर लगेच सापडला. तीन रात्री गेल्या. फॉन्ट बदलले, सेफ मोड झाला, बीटा काढून पुन्हा टाकला. पेनड्राइव्हवरही संशय घेतला, कारण तालुक्याहून आणलेल्या एका स्वस्त पेनड्राइव्हनं मागे इन्स्टॉलर बिघडवला होता. तेव्हापासून एसएचए-२५६, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का ते दाखवणारा आकडा, जुळल्याशिवाय मी काही वाटत नाही. या वेळी तो जुळत होता.

शेवटी ताईंच्या शेजारी जाऊन बसलो. यादी फोनवरच्या मेसेजमधून चिकटवलेली, शोधायचा शब्द मात्र इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाइप केलेला. ऑल्ट-एक्स दाबून युनिकोडचे आकडे, म्हणजे मशीन प्रत्येक अक्षर ज्या क्रमांकानं ओळखतं ते, काढले. इनस्क्रिप्टचा ‘ऱ’ ०९३१. मेसेजमध्ये साधा र, म्हणजे ०९३०, मग हलंत, मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, मशीनला दोन वेगळे शब्द! तेवढ्यात ताईंनीच विचारलं, ‘जुन्यात पाहू का?’ जुन्यातही तसंच. म्हणजे बीटानं काही बिघडवलेलं नव्हतं. दोषाचा रिपोर्ट घाईनं पाठवला असता तर ‘नॉट अ बग’ (हा दोष नाही) म्हणून बंद झाला असता.

ताईंना तो प्रश्न आपणहून सुचला, याचा आनंद कोडं सुटल्याहून जास्त आहे. जुन्या आवृत्तीशी ताडून पाहा, हे मी शिकवलंच नव्हतं. गावातल्या चाचणी करणाऱ्यांच्या दोन बैठका इन्स्टॉल करण्यातच घालवल्या.

पुढची बैठक बगझिलाच्या, म्हणजे दोष कळवायच्या साइटच्या, फॉर्मवर ठरली होती. पण लिहितानाच सुचतंय, आधी एक फाइल बनवावी : दर्या, दऱ्या, वऱ्हाड, शेतकऱ्यांना, आणि प्रत्येक ‘ऱ’ दोन्ही पद्धतींनी. दोन्ही आवृत्त्यांत उघडायची आणि काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एवढं वहीत मराठीत लिहायचं. इंग्रजी मी करीन.

वेळेचं अवघड आहे. ऑगस्टच्या आवृत्तीचा बीटा जूनमध्ये ऐन पेरणीत येतो, फेब्रुवारीचा कापूसवेचणीत. म्हणून आता बैठक रात्री आठला, ग्रामपंचायतीच्या खोलीत. पहिला अर्धा तास ताई घेणार आहेत.