स्टोरेज नेटवर्कची बँडविड्थ: हिशेब रात्रीचा, तोही एक बाजू बंद धरून

नवा अ‍ॅरे (अनेक सर्व्हरसाठीची डिस्कची सामायिक पेटी) घ्यायचा ठरला की बैठकीत पहिला आकडा येतो तो आयओपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती रीड-राइट होतात त्याचा. दीड लाख हवेत, दोन लाख हवेत. त्यावरून कंट्रोलर आणि डिस्क ठरतील, पण मधलं नेटवर्क किती रुंद हवं ते ठरत नाही. बँडविड्थ म्हणजे आयओपीएस गुणिले ब्लॉकचा आकार, आणि हा दुसरा घटक दिवसा ८ केबी असतो तर रात्री ५१२ केबी. म्हणजे ६४ पट.

एक मांडणी धरू. मध्यम आकाराची बँक आहे. व्हर्च्युअलायझेशनचे १६ होस्ट (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारे सर्व्हर), डेटाबेसचे २ सर्व्हर, एक ऑल-फ्लॅश अ‍ॅरे आणि मध्ये फायबर चॅनेल, म्हणजे स्टोरेजसाठीचं खास नेटवर्क (सॅन). भर दिवसा प्रत्येक होस्ट १६ केबीच्या ब्लॉकने ६,००० आयओपीएस मारतो. सोळांचे मिळून ९६,००० झाले, म्हणजे सेकंदाला सुमारे १.५७ जीबी. डेटाबेस ८ केबीने ६०,००० आयओपीएस करतो, ते जेमतेम ०.४९ जीबी. एकूण १,५६,००० आयओपीएस आणि २.०६ जीबी.

आता रात्री दोन वाजता पाहा. ईओडीची (दिवसअखेरच्या हिशेबाची) बॅच ५१२ केबीच्या ब्लॉकने ४,००० आयओपीएस करते आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण तो २.१ जीबी होतो. त्याच वेळी ४० टीबीचा फुल बॅकअप सहा तासांत उरकायचा आहे. ४० टीबी भागिले २१,६०० सेकंद म्हणजे १.८५ जीबी. व्हीएमचा उरलासुरला लोड अर्धा जीबी धरा. बेरीज ४.४५ जीबी. आयओपीएस मात्र छत्तीस हजारांच्या आसपास. दिवसाच्या पावपटीहूनही कमी आयओपीएस, आणि बँडविड्थ दुपटीहून जास्त. डॅशबोर्डवर फक्त आयओपीएसचा आलेख लावला असेल, तर नेटवर्क सर्वांत जास्त दमतं त्या वेळी तो सर्वांत शांत दिसतो.

मोजमापाचेही सापळे आहेत. पाच मिनिटांची सरासरी घेतली तर तीस सेकंदांचा उसळता लोड तिच्यात विरघळून जातो, त्यामुळे नमुना दहा सेकंदांचा घ्यावा. पंच्याण्णवावा पर्सेंटाइल घेण्याची, म्हणजे सर्वांत वरचे पाच टक्के नमुने सोडून देण्याची, पद्धत इंटरनेटच्या बिलासाठी ठीक आहे, इथे ती घातक ठरते. चोवीस तासांचे पाच टक्के म्हणजे ७२ मिनिटं. तासाभराची बॅच त्यात पूर्ण गडप होते आणि अहवाल म्हणतो, सगळं आलबेल. शिवाय मोजणी एखाद्या साध्या आठवड्याची नको. महिनाअखेर तरी त्यात हवीच, आणि बँक असेल तर मार्चअखेरचा जुना डेटा मागून घ्या.

वाढ वर्षाला २० टक्के धरली, तर तीन वर्षांत १.७३ पट होते. ४.४५ चे ७.७ जीबी झाले. हा खरा आकडा, आणि अजून त्यात हातचा राखलेला नाही.

फायबर चॅनेलमध्ये ए आणि बी अशी दोन फॅब्रिक (स्विचची एकमेकांपासून स्वतंत्र जाळी) असतात आणि लोड दोन्हींवर निम्मा-निम्मा वाहतो. पुष्कळ डिझाइनमध्ये ७.७ ला २ ने भागून प्रत्येकी ३.८५ लिहिलेलं असतं. घोडं पेंड खातं ते इथेच. फॅब्रिक दोन घेतली ती एक पडलं तर दुसऱ्याने निभावावं म्हणून. स्विचचं फर्मवेअर बदलताना तुम्ही स्वतःच एक बाजू काढता, आणि ते काम नेमकं रात्रीच होतं. म्हणून प्रत्येक फॅब्रिकला पूर्ण ७.७ पेलता आलं पाहिजे, तेही पोर्ट ७० टक्क्यांपलीकडे न भरता. त्यापुढे रांगा लागून लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) वाकडी व्हायला लागते. ७.७ भागिले ०.७ म्हणजे ११ जीबी.

३२जी फायबर चॅनेलचं एक पोर्ट एका दिशेला सेकंदाला ३,२०० एमबी देतं. लाइन रेट २८.०५ गिगाबॉड आहे, ३२ हे फक्त नाव. माहितीपत्रकात ६,४०० दिसलं तर दोन्ही दिशांची बेरीज मारली आहे असं समजा. रात्रीची बॅच आणि बॅकअप दोन्ही प्रामुख्याने रीड असतात, सगळा लोंढा अ‍ॅरेकडून बाहेर येतो, त्यामुळे दुसऱ्या दिशेची रिकामी जागा इथे उपयोगाची नाही. ११ भागिले ३.२ म्हणजे साडेतीनच्या आत, अर्थात प्रत्येक फॅब्रिकला अ‍ॅरेची चार पोर्ट, एकूण आठ. प्रत्येक कंट्रोलरची दोन पोर्ट ए वर आणि दोन बी वर. एक कंट्रोलर पडला तरी चार पोर्ट उरतात, १२.८ जीबी, म्हणजे निभतं. फॅब्रिक आणि कंट्रोलर एकाच वेळी गेले तर ६.४ उरतात आणि बॅच लांबते. त्यासाठी पैसे घालू नयेत. मात्र अ‍ॅरेचं आणि स्विचचं फर्मवेअर एकाच रात्री बदलायचं नाही, एवढं लिहून ठेवावं.

स्विच-स्विचमधल्या आयएसएलचा खर्च जागा नीट निवडून वाचतो. अ‍ॅरे कोअरवर (मधल्या मुख्य स्विचवर) आणि सगळे सर्व्हर दोन एज (कडेच्या) स्विचवर असतील, तर एका फॅब्रिकमध्ये प्रत्येक एजवरून ३.८५ जीबी यायला हवेत. दोन आयएसएल टाकल्या आणि एक तुटली तर ३.२ उरतात, म्हणून तीन लागतात. त्याऐवजी डेटाबेस आणि बॅकअप सर्व्हर थेट कोअरवर, अ‍ॅरेच्या शेजारी लावा. मग आयएसएलवर फक्त व्हीएमची रहदारी उरते: दिवसाचे १.५७ तीन वर्षांनी २.७२ जीबी, प्रत्येक एजला १.३६. एक दुवा पुरतो, दुसरा राखीव. फक्त बॅकअप कुठल्या मार्गाने चालतो ते आधी विचारा. बॅकअप सर्व्हर सॅनवरून थेट वाचत असेल तरच हा हिशेब खरा. होस्टमधल्या प्रॉक्सी व्हीएममधून वाचत असेल, तर सगळा बॅकअप पुन्हा आयएसएल ओलांडतो.

बॅकअपची दुसरी बाजूही तपासायला हवी. सॅनवरून १.८५ जीबी वाचून तो पुढे इथरनेटवर लिहायचा असेल, तर १० गिगाबिटचं पोर्ट अपुरं पडतं. १० गिगाबिट म्हणजे १,२५० एमबी. १,५०० एमटीयूवर (एमटीयू म्हणजे एका फ्रेममध्ये मावणारे जास्तीत जास्त बाइट) एक फ्रेम तारेवर १,५३८ बाइटची जागा घेते आणि आत डेटा असतो १,४६० बाइट, म्हणजे हाती सुमारे १,१८६ एमबी. ९,००० एमटीयूवर १,२३९. या मोठ्या, म्हणजे जम्बो फ्रेमने एवढाच फरक पडतो, चमत्कार होत नाही. आणि वाटेतल्या एका जरी पोर्टवर एमटीयू १,५०० राहिला तर लहान पिंग छान जाते, लॉगिन होतं आणि मोठा डेटा सुटला की सेशन लटकतं. ८,९७२ बाइटची, फ्रॅगमेंट करू नको अशी खूण केलेली पिंग टाकून पाहिल्याशिवाय काम झालं म्हणू नये. बॅकअपचा आकडाही तीन वर्षांनी ३.२ होतो, २५ गिगाबिटच्या एका पोर्टलाही तो जड आहे. आयस्कझीवाल्यांसाठी (इथरनेटवरून स्टोरेज वापरणाऱ्यांसाठी) जाता जाता: दोन पोर्ट एलएसीपीने एकत्र बांधून दुप्पट वेग मिळत नाही, कारण एक सेशन हॅशप्रमाणे एकाच दुव्यावर बसतं. मल्टिपाथिंग वापरा, म्हणजे प्रत्येक पोर्टवर वेगळं सेशन.

सर्व्हरच्या आतही पाहावं लागतं. पीसीआयई जेन ३ चा आठ लेनचा स्लॉट एका दिशेला ७.८८ जीबी देतो, त्यात दोन पोर्टचं ३२जी एचबीए (सर्व्हरचं फायबर चॅनेल कार्ड) बसतं. १०० गिगाबिटचं कार्ड बसत नाही, त्याला सोळा लेन लागतात. काही सर्व्हरमध्ये स्लॉट दिसतो सोळाचा आणि आत तारा असतात आठच लेनच्या. मदरबोर्डचं मॅन्युअल बघा, स्लॉटची लांबी नव्हे.

बँडविड्थ कागदावर पुरते आणि प्रत्यक्षात सगळं रांगतं, याचं नेहमीचं कारण म्हणजे वेगांची विजोड जोडी. अ‍ॅरे ३२जी आणि कोपऱ्यातला एक जुना होस्ट ८जी. होस्टने १ एमबीच्या रीड मागितल्या की अ‍ॅरे ३,२०० च्या वेगाने ओततो, होस्ट ८०० च घेऊ शकतो. फायबर चॅनेल फ्रेम टाकून देत नाही, क्रेडिट, म्हणजे पुढची फ्रेम पाठवायची समोरच्याची परवानगी, मिळेपर्यंत थांबतं. मग फ्रेम स्विचमध्ये साचतात, आयएसएलची क्रेडिट संपतात आणि त्याच वाटेने जाणारे निर्दोष होस्टही अडकतात. अंगणात एकाने गाडी आडवी लावली की अख्ख्या सोसायटीची कोंडी होते, तसंच. आयएसएलचा वापर तेव्हा ३० टक्के दिसतो, म्हणून दोष कोणाला सापडत नाही. बघायचा काउंटर वेगळा: क्रेडिट शून्यावर असताना गेलेला वेळ. सिस्कोत त्याला टीएक्स-वेट म्हणतात, ब्रोकेडमध्ये टिम-टीएक्सक्रेड-झेड, दोन्ही २.५ मायक्रोसेकंदांच्या टप्प्याने वाढतात. उपाय म्हणजे ८जी होस्ट बदलणं, ते जमेपर्यंत त्यांना अ‍ॅरेची वेगळी, कमी वेगावर बांधलेली पोर्ट देणं. आणखी आयएसएल घालून हा आजार जात नाही.

दुसऱ्या जागेवर रेप्लिकेशन (डेटाची प्रत ठेवणं) असेल तर तिथे फक्त राइट जातात. दिवसाच्या २.०६ पैकी ३० टक्के राइट धरले तर ०.६२ जीबी, म्हणजे ५ गिगाबिट. तीन वर्षांनी ८.६. १० गिगाबिटचा दुवा तेव्हा काठोकाठ भरतो. पण सिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये (तिकडे लिहून झाल्यावरच राइट पूर्ण मानतात तेव्हा) बँडविड्थच्या आधी अंतर आडवं येतं. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. ऐरोली ते पुणे फायबरचा मार्ग १५० किलोमीटर धरला तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद, आणि साध्या फायबर चॅनेल राइटला अशा दोन फेऱ्या: आधी परवानगी, मग डेटा. प्रत्येक राइटवर ३ मिलिसेकंदांचा भार पडतो. ऑल-फ्लॅशचा अर्ध्या मिलिसेकंदाचा राइट सातपट मंद होतो. ऐरोली ते पवई असेल तर हा प्रश्नच येत नाही. लांब दुव्याला क्रेडिटही जास्त लागतात. त्यांचा ठोकताळा ३२जी ला किलोमीटरमागे १६, म्हणजे ५० किलोमीटरला ८००, तेही फ्रेम पूर्ण भरलेल्या असतील तर. फ्रेम सरासरी निम्म्या भरत असतील तर १,६००.

असिंक्रोनस (तिकडच्या उत्तराची वाट न पाहणाऱ्या) दुव्यासाठी तुटल्यानंतरचाही हिशेब करा. चार तास दुवा बंद राहिला तर ०.६२ च्या वेगाने ८.९ टीबी साचतात. १० गिगाबिटमधून, म्हणजे हाती येणाऱ्या सुमारे १.२ जीबीतून, चालू राइट वजा करता ०.५८ जीबीच मोकळे उरतात, त्यामुळे थकबाकी फेडायला सव्वाचार तास लागतात. लोड वर्षाला २० टक्क्यांनी वाढत गेला की हे मोकळे ०.५८ तिसऱ्या वर्षाअखेर ०.१३ च्या आसपास येतात, आणि तेवढ्याच खंडानंतरची थकबाकी फेडायला एक अख्खा दिवसही पुरत नाही.