तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्या कॉलेजची जुनी इमारत गेली, तरी मी रडलो का नाही?

स्नेहमेळाव्यात तुम्ही विचारलंत, नंतर फोनवर विचारलंत, परवा एकाच्या मुलीच्या लग्नात पंगतीत बसल्यावरही तेच: "आम्ही सगळे रडायलो, अन् तू नव्या बिल्डिंगच्या कॉलमला हात लावून बघायलास. काहीच वाटंना का तुला?" हसून टाळायचं ते टाळून झालं. आता लिहूनच देतो.

लातूर बदललं याबद्दल माझी तक्रार नाही. उद्योग भवनाच्या भागात गल्लोगल्ली ट्यूशनचे बोर्ड, 'नीट'वाली पोरं, मेसचे डबे. आपल्या कॅन्टीनच्या जागी पार्किंग. आपलीच पोरं त्या ट्यूशनला घातली आपण, मग गळा कशाला काढायचा? चहा मात्र बेकार झालाय, ते मान्य.

दगडी इमारतीवरही माझा राग नाही. राग त्या फोटोचा येतो. लिंबाखाली सर उभे, फळा खुर्चीला टेकवलेला, आपण सतरंजीवर. दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी तो ग्रुपवर टाकतो आणि खाली लिहितो, 'सुवर्णकाळ'. अरे, आपण लिंबाखाली का बसलो होतो?

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून होस्टेलवर येऊन पडलो, आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी कॉट हलल्या. दुपारी मी मावशीच्या गावात होतो, किल्लारीच्या अलीकडे. घर कोणतं ते मावसभावानं आडावरून ओळखलं. तो मिरवणुकीनंतर पारावरच झोपला होता, म्हणून राहिला. घर माळवदाचं. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचा थर. भिंती बसल्या की ते सगळं ओझं थेट झोपलेल्या माणसांवर. आम्ही घमेल्यानं माती उपसत होतो, वरून पाऊस. ओल्या मातीत एकेक थर वेगळा दिसायचा. छत गळू नये म्हणून मावशी दर उन्हाळ्यात माळवदावर नवी पांढरी माती टाकायची. शिडीवरून वर जायची, खालून पाटी द्यायला कुणीतरी लागायचं. सुट्टीत आलो की मी द्यायचो. अशाच एका थरात हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. माझे हात थांबले. मावसभाऊ म्हणाला, "ही आजची नाही, वरची हाय. माती टाकताना फुटली असंल कवातरी. काढ तू." मावशी आणखी खाली होती. दिवस मावळताना सापडली.

कॉलेज सुरू झालं तेव्हा वर्गात कुणी बसेना. मधूनच जमिनीतून गुरगुर यायची की सगळे पळत बाहेर. शेवटी सरांनीच फळा बाहेर आणला. हा तुमचा सुवर्णकाळ.

आपल्यातला इंजिनिअर म्हणतो, "कॉलेजची बिल्डिंग चुन्यातली होती, गावची घरं मातीतली. हिला तडा तरी गेला का?" नाही गेला. त्याचं बरोबर आहे. पण पुढं आत बसायला लागल्यावर मी कायम दाराजवळचा बाक धरायचो आणि दर थोड्या वेळानं वर आढ्याकडं बघायचो. चुना आणि माती यातला फरक मानेला कुठून कळणार?

कुणीतरी 2003 च्या स्मरणिकेतलं माझंच पान शोधून पाठवलंय: 'त्या दगडी भिंतींनी आम्हाला मायेची सावली दिली.' मग आता हे काय, म्हणे. काय सांगू? संपादकांनी गोड आठवणी मागितल्या होत्या, मी गोड लिहून दिलं. खोटं होतं का? आज वाचताना तसं वाटतं. पण लिंबाखाली आपण भेळ खाल्ली, सरांच्या नकला केल्या, पोट धरून हसलो, हेही खरंच ना? त्या फोटोत दुसऱ्या रांगेत मी हसतोय. मावशीला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. स्मरणिकेत लिहिणाऱ्याशी मी भांडू शकतो. सतरंजीवरच्या त्या पोराला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्यावर चिडतो तेव्हा निम्मा त्याच्यावरच चिडतो, असंही असेल.

कॉलमला हात लावला, कारण बरं वाटलं. बीम बघितले, जिना बघितला. तिसऱ्या मजल्यावर पोरं अभ्यास करत बसली होती, एकानंही वर बघितलं नाही. मी तिथं बराच वेळ उभा होतो, तुम्ही खाली सेल्फी काढत होतात.

आता जुन्या दगडांचा कट्टा बांधून त्यावर आपल्या बॅचची पाटी लावायची म्हणता. वर्गणी पाठवली आहे. पाटीवर लिंबाखालच्या वर्गाचा उल्लेख करणार असाल तर तो का भरायचा तेही लिहा. जागा पुरत नसेल तर उल्लेखच नको. माझं नाव टाकायचं की नाही, ते मी नंतर कळवतो.