अठ्ठावीस दिवसांची चिठ्ठी

"गॅसनी गोयी दे भाऊ." अमळनेरसारख्या गावात मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य दिवसातून वीसदा ऐकू येतं. असं म्हणणाऱ्या एका मावशींची गोळी म्हणजे डीएसआर कॅप्सूल: आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल ४० आणि मळमळीवरचं डोम्पेरिडोन ३० मिलिग्रॅम, पंधराची पट्टी. महिन्याला दोन पट्ट्या.

त्या दिवशी मुलगा सोबत होता, हातात मावशींच्या खोकल्याची नवी चिठ्ठी. क्लॅरिथ्रोमायसिन ५०० हे अँटिबायोटिक, दोन वेळा, पाच दिवस. औषध काढायला वळताना मावशींच्या हाताकडे लक्ष गेलं. बोटं ताठ, एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत ओढलेला, मनगट वाकलेलं. "भाकरी थापताना बी असंच होतं, वांब येतात," मुलगा म्हणाला. कॅल्शियमच्या गोळ्या महिनाभर चालू होत्या, उपयोग शून्य.

हाताची अशी मुद्रा रक्तातलं कॅल्शियम घसरल्यावर होते. कॅल्शियम देऊनही फरक पडत नसेल, तर मॅग्नेशियम तपासायला हवं. ते फार खाली गेलं की पॅराथायरॉइड ग्रंथी कॅल्शियम सावरणारं संप्रेरक पुरेसं सोडत नाही, आणि पोटॅशियमही लघवीवाटे निसटत राहतं. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल यांपैकी कोणतंही दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम उतरू शकतं. कधी तीन महिन्यांत, बहुतेकदा वर्ष उलटल्यावर. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हा इशारा २०११ मध्येच दिला. मावशींच्या बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइडही होतं. तेही लघवीतून मॅग्नेशियम घालवतं.

कॉम्प्युटरवर जुनी बिलं काढली. पहिली चिठ्ठी २८ दिवसांची. त्यानंतर २६ महिने, ५२ पट्ट्या, ७८० कॅप्सूल. सगळ्या आमच्याच काउंटरवरून.

डोम्पेरिडोनने ईसीजीतलं क्यूटी अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, वाढतं. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम कमी असताना हृदयाचे ठोके जीवघेणे विस्कटू शकतात. म्हणजे एकाच कॅप्सूलमधलं एक औषध जमीन पोखरतं आणि दुसरं त्याच जमिनीवर भार टाकतं. क्लॅरिथ्रोमायसिन स्वतः क्यूटी लांबवतं, शिवाय डोम्पेरिडोनचा यकृतातला निचरा अडवतं. युरोपच्या नियामकाने २०१४ मध्ये डोम्पेरिडोनला मर्यादा घातली: मळमळ-उलटीसाठीच, १० मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, सहसा आठवड्याच्या आत. आपल्याकडे छातीत जळजळ म्हटलं की डीएसआर, मळमळ असो वा नसो. हे मला कधीच पटलेलं नाही.

क्लॅरिथ्रोमायसिन दिलं नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन केला तर ते आधी चिडले, मग ऐकून घेतलं आणि मावशींना लगेच बोलावलं. ईसीजीत क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार जुळवलेलं क्यूटी) ५२०, म्हणजे खूपच लांबलेलं, आणि मॅग्नेशियम ०.८, म्हणजे फारच कमी. दाखल करून शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट दिलं, डीएसआर बंद, आम्ल कमी करणारं वेगळ्या प्रकारचं फॅमोटिडिन सुरू, बीपीची गोळी बदलली. दहा दिवसांनी मॅग्नेशियम १.८ आणि वांब थांबलेले.

इतके महिने घेऊनही जळजळ का थांबत नव्हती, ते नंतर विचारल्यावर कळलं. मावशी कॅप्सूल भाकरीनंतर चहासोबत घ्यायच्या. ही औषधं जठरातले चालू असलेले आम्लपंपच कुलूपबंद करतात. रात्रभराच्या उपवासानंतर पहिल्या घासाला सर्वाधिक पंप जागे होतात, आणि औषध रक्तात काही तासच टिकतं. म्हणून सकाळी जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं, पाण्यासोबत, न चावता. पूर्ण परिणामाला तीन-चार दिवस लागतात. आणि महिनोन्महिने घेऊन एकदम सोडली तर काही आठवडे आम्ल उसळतं. माणसाला वाटतं दुखणं परतलं, तो पुन्हा पट्टी मागतो. मावशींना तातडीने थांबवणं भागच होतं, एरवी मात्रा निम्मी करून, मग एक दिवसाआड, असं उतरवतात.

१९४५च्या औषध नियमांनुसार, डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देता येत नाही. प्रत्येक पट्टी देताना ती एकच पट्टी दिसत होती, बेरीज कोणीच केली नाही. डॉक्टरांनी नाही, आम्हीही नाही.

आता आठ आठवड्यांहून जास्त घेणाऱ्यांची यादी काढली आहे. एकेकाला फोन चालू आहे. काल एका काकांशी बोललो. अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलेला, हृदयासाठी ॲस्पिरिन रोजची. त्यांचं पॅन्टोप्राझोल थांबवायचं नाही. त्यांच्या डॉक्टरांना विचारून डीएसआरऐवजी साधं पॅन्टोप्राझोल दिलं आणि मॅग्नेशियम तपासायला सांगितलं. रिपोर्ट अजून यायचा आहे.