‘पर्यंत’ला इंग्रजीत एकच शब्द नाही

‘सातपर्यंत ऑफिसमध्ये आहे.’ ‘सातपर्यंत घरी येते.’ ‘ही बस दादरपर्यंत जाते.’ ‘आतापर्यंत तीनच अर्ज आले.’ चारही वाक्यांत शब्द तोच. इंग्रजीत मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा लागतो: टिल, बाय, ॲज फार ॲज, सो फार. प्रीपोझिशनच्या बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे. शाळेत एका मराठी शब्दाला एक इंग्रजी शब्द जोडून दिलेला असतो, आणि ती जोडी पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही.

सगळ्यात महागात पडते ती बाय आणि टिलची गफलत. ऑफिसच्या मेलमध्ये ‘प्लीज सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ असं सर्रास लिहिलं जातं. लिहिणाऱ्याच्या मनात असतं, शुक्रवारपर्यंत रिपोर्ट मिळायला हवा. पण ज्याची भाषाच इंग्रजी आहे त्याला त्यातून कळतं, शुक्रवार येईतो रिपोर्ट पाठवतच राहा. टिल म्हणजे एखादी गोष्ट त्या वेळेपर्यंत चालू राहते आणि तिथे संपते. बाय म्हणजे ती त्या वेळेच्या आत कधीतरी एकदा होऊन जाते. रिपोर्ट एकदाच पाठवायचा आहे, तेव्हा ‘बाय फ्रायडे’.

याची कसोटी मराठीतच करता येते. वाक्यात ‘उशिरात उशिरा’ घालून बघा. ‘उशिरात उशिरा पाच तारखेपर्यंत मेन्टेनन्स भरा’ हे सरळ बसतं, म्हणून ‘पे बाय द फिफ्थ’. ‘मी उशिरात उशिरा सातपर्यंत ऑफिसमध्ये आहे’ हे कानाला खटकतं, म्हणून ‘आय ॲम इन द ऑफिस टिल सेवन’. नकाराकडे नीट लक्ष द्या, कारण तिथे क्रियापद तेच राहून शब्द बदलतो. ‘सहापर्यंत निघेन’ म्हणजे ‘आय विल लीव्ह बाय सिक्स’, पण ‘सहापर्यंत निघणार नाही’ म्हणजे ‘आय वोन्ट लीव्ह टिल सिक्स’. निघणं एका क्षणात होतं. न निघणं मात्र सहा वाजेपर्यंत चालू असतं.

सोसायटीची नोटीस लिहिताना दोन्ही शब्द लागतात. ‘फॉर्म्स विल बी ॲक्सेप्टेड टिल ३१ मार्च’ बरोबर, कारण स्वीकारणं रोज चालू आहे. ‘सबमिट युअर फॉर्म बाय ३१ मार्च’ हेही बरोबर, कारण प्रत्येक जण फॉर्म एकदाच देणार. टिलमध्ये शेवटचा दिवस धरला की नाही यावरून वाद होऊ शकतो. तो टाळायचा तर ‘अप टू अँड इन्क्लूडिंग ३१ मार्च’ असं लिहावं.

‘पासून’चंही असंच. ‘आय ॲम लिव्हिंग इन ठाणे सिन्स टू इयर्स’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. सिन्सनंतर कॅलेंडरवर बोट ठेवता येईल असा क्षण हवा: २०१९, जून, सोमवार. दोन वर्षं ही लांबी आहे, तिला फॉर. दुसरी चूक क्रियापदाची. मराठीत ‘दोन वर्षांपासून राहतो’ असा साधा वर्तमानकाळ चालतो, इंग्रजीत ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ म्हणावं लागतं. आणि ‘सोमवारपासून क्लासला जाणार’ इथे सिन्स नकोच; पुढच्या गोष्टीला फ्रॉम.

‘दोन वर्षांपूर्वी’चं ‘बिफोर टू इयर्स’ होत नाही, ‘टू इयर्स अगो’ होतं. ‘दहा मिनिटांनी फोन करतो’ याचं ‘आफ्टर टेन मिनिट्स’ करू नका. आत्तापासून मोजायचं असेल तर ‘इन टेन मिनिट्स’. दहा मिनिटांच्या आतच, असं बजावायचं असेल तर विदिन.

ॲट, ऑन, इन हे त्रिकूट वेळेच्या बाबतीत त्यामानाने सोपं आहे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे सुटली ती दुपारी ३.३५ वाजता, १६ एप्रिल १८५३ रोजी. इंग्रजीत: ‘ॲट ३.३५, ऑन १६ एप्रिल १८५३’. तारीख पूर्ण दिली की वर्षासाठी वेगळं इन लागत नाही. नुसता महिना किंवा वर्ष असेल तरच ‘इन एप्रिल’, ‘इन १८५३’. दिवसाचं नाव आलं की सकाळही ऑनकडे जाते: ‘इन द मॉर्निंग’, पण ‘ऑन संडे मॉर्निंग’. नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी यांच्याआधी काहीच नको. ‘ऑन नेक्स्ट मंडे’मधला ऑन काढून टाका.

जागेच्या बाबतीत फसवतो तो ‘वर’. ‘मी स्टेशनवर आहे’ याचं ‘आय ॲम ऑन द स्टेशन’ केलं तर माणूस स्टेशनच्या छपरावर चढल्यासारखं वाटतं. ठिकाण एक ठिपका म्हणून सांगायचं असेल तर ॲट: ॲट द स्टेशन, ॲट द बस स्टॉप. प्लॅटफॉर्मवर मात्र पाय टेकतात, म्हणून ऑन. लोकलमध्ये असाल तर ‘ऑन द ट्रेन’, बसमध्येही ऑन, कारण त्यांत उभं राहून चालता येतं, रिक्षा-टॅक्सीत इन. पण डबा म्हटलं की पुन्हा इन: ‘इन द फर्स्ट क्लास कंपार्टमेंट’. ‘लोकल ८.१२ला आहे’ यात ॲट, आणि ‘मी ८.१२च्या लोकलमध्ये आहे’ यात ऑन.

‘दादरला पोहोचलो’मधल्या ‘ला’ने ‘रीच्ड टू दादर’ तयार होतं. रीचला टू लागत नाही: ‘रीच्ड दादर’. अराइव्हला प्रीपोझिशन लागतं, पण टू नव्हे, आणि तेही दोन तऱ्हेचं: शहर असेल तर ‘अराइव्ह्ड इन मुंबई’, स्टेशन असेल तर ‘अराइव्ह्ड ॲट दादर स्टेशन’. ‘घरी जा’ म्हणजे नुसतं ‘गो होम’.

आणि झाड. आंबे झाडावर लागतात ते ‘ऑन द ट्री’. कावळा झाडावर येऊन बसतो तो ‘इन द ट्री’, कारण तो फांद्यांच्या आत, पानांच्या घेरात असतो. मराठीत दोघंही झाडावरच.